न पेटलेल्या दिव्याचा तास

एका पिढीच्या आत खराडीचे रूप पालटले. मुळा-मुठेच्या काठच्या या परिसरात आज ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या इमारती उभ्या आहेत. आमच्या पालकांपैकी कोणी अशा इमारतींच्या बांधकामावर राबले, कोणी तेथे पहारा करतात. काही माजी विद्यार्थी तेथेच संगणकासमोर बसतात. म्हणून आपल्या वसतिगृहातील मूल यंत्राचे केवळ गिऱ्हाईक होणार की त्याचे अंतरंग जाणणार, हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो.

शाळांतून आता मुलांकडून इलेक्ट्रॉनिक्सचे संच सोल्डर करवून घेतले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ज्याचा दिवा पेटत नाही, त्याचा संच शिक्षक किंवा एखादा मोठा विद्यार्थी हाती घेतो आणि दहा मिनिटांत सुधारून देतो. हेतू चांगलाच असतो. मुलाच्या मनात मात्र ‘मी बिघडवतो आणि दुसरा कोणी सुधारतो’ एवढेच राहते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी प्रयोगशाळा पाहिली नाही, त्याच्या मनात ही समजूत खोल रुजते. आमचे स्पष्ट मत असे की, संच जोडण्यास जितका वेळ दिला जातो, तितकाच त्याचा दोष शोधण्यास द्यावा आणि तो शोध मुलानेच घ्यावा.

या कामास असामान्य बुद्धी लागत नाही, क्रम लागतो. ५५५ टायमरवर एलईडी लुकलुकवणारा साधा संच घ्या. प्रथम बॅटरी काढून भिंगातून पाहावे. शेजारच्या दोन जोडांमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे काय? एखादा जोड गोळ्यासारखा फुगून तांब्याला न चिकटताच राहिला आहे काय? मग दिशा तपासावी : एलईडीचा लांब पाय धन बाजूस, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरील पट्टा ऋण बाजूस, आयसीची खाच आराखड्यातील खाचेशी जुळलेली. रोधकांच्या रंगपट्ट्या पुन्हा वाचाव्यात. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. मंद उजेडात लाल आणि नारिंगी यांत सहज गल्लत होते.

त्यानंतर बॅटरी जोडून मल्टिमीटर घ्यावा. ९ व्होल्टची बॅटरी जोडताच दाब कोसळला, तर कोठेतरी शॉर्ट आहे. बॅटरी तत्काळ काढावी. दाब टिकला, तर आयसीच्या पिन १ व ८ यांमध्ये तो पोहोचतो का, हे पाहावे. मीटरचे टोक तांब्याच्या पट्टीवर न टेकवता आयसीच्या पायावरच टेकवावे. पट्टीवर ९ व्होल्ट आणि पायावर शून्य आढळले, तर दोष त्या दोहोंमधील जोडात आहे. पिन ३ वर दाब वरखाली होत असूनही दिवा पेटत नसेल, तर टायमर ठीक आहे. एलईडी व त्याचा रोधक पाहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करता करता शिक्षण होते या विश्वासावर. आमच्या मते बिघाड शोधणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे.

अभ्यासक्रमातून वेळ कोठून काढावा, असे शिक्षक विचारतील. त्यांची अडचण खरी आहे. परंतु निवासी शाळेला संध्याकाळ लाभलेली असते. आठवड्यातील एक संध्याकाळ, चार मुलांमागे एक मल्टिमीटर, प्रत्येकाची एक दोषवही आणि उघड्या खिडकीजवळचे टेबल एवढ्यावर आरंभ होईल. सोल्डरमध्ये शिसे असते. तेव्हा काम संपताच हात धुण्याची शिस्त हवी. प्रदर्शनात पेटलेल्या दिव्याशेजारी ती दोषवहीही मांडावी आणि परीक्षकांनी ती वाचूनच गुण द्यावेत.

खराडीत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी त्या संध्याकाळी यावे, मुलांशेजारी बसावे, प्रश्न विचारावेत. सोल्डरिंग आयर्न मात्र मुलाच्याच हाती राहू द्यावे.