औषध मातीत सापडतं, हे मुलांना कधी सांगणार?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, प्रतिजैविकांचा विषय निघाला की वर्गात एकच गोष्ट सांगितली जाते. १९२८ साल, फ्लेमिंग, बशीत वाढलेली बुरशी, पेनिसिलिन. गोष्ट खरीच आहे. पण ती ऐकून मुलांना वाटतं, शोध म्हणजे नशीब, आणि तो एकदा लागला की संपलं. माझ्या मते तिच्या जोडीला मातीची गोष्ट सांगायलाच हवी.

पेनिसिलिन क्षयरोगावर चालत नव्हतं. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करत. त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ, वय २३. तळघरातल्या प्रयोगशाळेत तो एकामागून एक जिवाणू वाढवून बघत होता, कोणता जिवाणू शेजारच्याला वाढू देत नाही. १९४३ च्या ऑक्टोबरात भरपूर खत घातलेल्या मातीत तसा एक सापडला आणि त्यातून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना! (गटकार्याचे गुण देताना हा प्रसंग जरूर सांगा.)

हा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस कुळातला. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो, तो बराचसा याच कुळामुळे. आणि दूर कशाला जायचं? आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मातीतल्याच एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीच्या आजारांवरचं औषध शोधलं गेलं. त्या जिवाणूच्या नावातच गाव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना.

मग नवी औषधं भराभर का मिळत नाहीत? कारण मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. जे वाढतात त्यांच्यातून तीच तीच औषधं पुन्हा हाती येतात. बोस्टनच्या संशोधकांनी युक्ती केली. बारीक छिद्रांच्या पट्टीत एकेक जिवाणू ठेवून ती पट्टी मातीतच पुरली. त्यातून मिळालेलं टेक्सोबॅक्टिन २०१५ मध्ये जाहीर झालं, पण औषधाच्या दुकानात ते अजून आलेलं नाही.

आणि आपण काय करतो? सर्दी विषाणूमुळे होते, तरी चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक आणतो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात, 'पुढच्या वेळेला होतील' म्हणून. अशानेच जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात.

'प्रतिजैविकांचे उपयोग लिहा' हा प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलाय. या वेळी त्याऐवजी घरातल्या औषधांच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांची यादी करायला सांगा ना. गोळ्यांना हात पालकांनीच लावायचा, लिहायचं मुलांनी. आणि 'कोणत्या दुखण्यासाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणली' हा रकाना कोणी रिकामा सोडायचा नाही.