देहाचे अदृश्य रखवालदार



या स्तंभासाठी येणाऱ्या काही पत्रांवर नाव नसते. ‘अंगावरून पांढरे जाते, उपाय सांगावा’ एवढीच ओळ, आणि खाली ‘एक वाचक’. गोंदियाच्या बाजारपेठेतील एका घरच्या सूनबाई मला प्रत्यक्ष भेटल्या, तेव्हा कळले की आठ महिने त्यांनी हा त्रास पतीलाही सांगितला नव्हता. मात्र उपाय चालूच होते. सुगंधी साबणाने दिवसातून तीनदा धुणे, पाण्यात जंतुनाशक टाकून आतपर्यंत स्वच्छता करणे, दुकानातून परस्पर मागवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या. त्रास वाढतच गेला. स्वच्छतेत त्या कुठेही कमी पडल्या नव्हत्या. स्वच्छतेच्या अतिरेकानेच त्यांचा घात केला होता.

निरोगी योनिमार्ग जंतुविरहित नसतो, ही गोष्ट अनेक सुशिक्षित स्त्रियांनाही नवी वाटते. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ साली तेथील हितकारक जंतूंचे वर्णन केले. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची पिष्टमय शर्करा साठते. तिच्यावर हे जंतू पोसले जातात आणि दुग्धाम्ल तयार करतात. त्यामुळे तेथील सामू साधारण ३.५ ते ४.५ इतका, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी राहतो. या आंबटपणात रोगजंतूंना सहसा पाय रोवता येत नाही. धानाच्या व्यापारातील घरांना वेगळे सांगायला नको: कोठारात ओल वाढली की बुरशी बाहेरून आणावी लागत नाही, ती आधीपासून असतेच. तसेच येथे आहे. साबण, जंतुनाशके आणि अनावश्यक प्रतिजैविके या रखवालदारांनाच हाकलतात. मग दबून राहिलेले इतर जंतू बळावतात.

पाळीच्या चक्रात स्वच्छ किंवा दुधाळ, वास नसलेला स्राव होणे हा आजार नव्हे. त्याने ‘शक्ती जाते’ ही समजूत निराधार आहे. मात्र स्राव पातळ, करडा आणि मासळीसारख्या वासाचा असेल, तर जंतूंचा समतोल ढळलेला असतो. गर्भारपणी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण अकाली प्रसूतीशी त्याचा संबंध आढळला आहे. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि असह्य खाज असेल, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. तो पुनःपुन्हा होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. हिरवट-पिवळ्या, फेसाळ स्रावामागे ट्रायकोमोनास हा परजीवी असू शकतो, आणि तेव्हा पतीनेही औषध घेणे आवश्यक असते. तिन्हींवर एकच औषध चालत नाही, म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्या कामाची नाही.

हे मौन केवळ आपल्या घरांपुरते नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने जगभरच्या वैद्यकाला खडबडून जागे केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्या सर्व आजारांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. त्यापूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. त्या स्त्रिया रानाशेजारच्या खेड्यांतील होत्या. आपल्या दारात मोटार असते, शहरात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, तरी पाऊल उचलत नाही ते का, याचा विचार मी अनेकदा करते.

हल्ली ‘खास स्त्रियांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धावनद्रव्यांबद्दल स्पष्टच सांगते. योनिमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरच्या भागाला साधे पाणी पुरते. स्त्रीच्या संकोचाला भीती घालून विकलेला हा माल आहे.

दही खाऊन हे जंतू वाढतील का, असे हमखास विचारले जाते. दही पचनासाठी खुशाल खावे, पण त्याने हा आजार बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. ते आत लावणे तर टाळावेच. योग्य जातीचा जंतू योग्य ठिकाणी पोहोचवल्यास मात्र उपयोग होतो असे दिसते. अमेरिकेतील २२८ स्त्रियांवरील एका चाचणीत, जेल-उपचारानंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस दिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना बारा आठवड्यांत आजार उलटला. न दिलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. तो निष्कर्ष २०२० चा आहे. बाजारातील प्रत्येक प्रोबायोटिक गोळीला तो लागू होत नाही. शिवाय कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते. वेष्टनावरील मजकूर वाचून, शंका असल्यास विचारूनच घ्यावे.

त्या सूनबाईंना तपासणीनंतर आठवडाभराचे औषध दिले आणि साबण बंद करविला. पुढच्या खेपेस त्या आल्या, तेव्हा सोबत सासूबाई होत्या. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, हितकारक जंतूही कमी होतात, कोरडेपणा आणि जळजळ सुरू होते. त्यावरही उपचार आहेत. सासूबाईंनी बारा वर्षे ती जळजळ सोसली होती. सूनबाई बाहेर जाऊ लागल्या, तर त्या म्हणाल्या, “बस गं, तुझ्यासमोरच सांगते.”