रबरी शिक्का नेमका कोणाचा?

भांडुप स्थानकात उतरून पश्चिमेकडे चढ चढत गेले की राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले वनवासी पाडे लागतात. मुंबईचे पिण्याचे पाणी शुद्ध करणारा महापालिकेचा प्रकल्पही याच परिसरात आहे. महानगराच्या हद्दीत असूनही महानगरी वृत्तपत्रांना हे पाडे सहसा दिसतात ते बिबट्या शिरल्यावर! त्यामुळे जून २०२२ मध्ये संथाल समाजातील द्रौपदी मुर्मू यांची राष्ट्रपतिपदाची उमेदवारी जाहीर होताच पत्रपंडितांची जी तारांबळ उडाली, तिचे नवल वाटण्याचे कारण नाही.

जमात आणि ‘प्रतीकात्मकता’ यांपलीकडे चर्चा सरकेना. प्रतिस्पर्धी यशवंत सिन्हा यांनी ‘रबरी शिक्का’ हा शब्द प्रचारात आणला आणि वाहिन्यांनी तो अलगद झेलला. राष्ट्रपती भवनात मूर्ती नको, अशा आशयाचे उद्गार तेजस्वी यादव यांनी काढले. काँग्रेसच्या अजय कुमार यांना या उमेदवारीमागे दुष्ट विचारसरणी दिसली. एरवी स्त्रीसन्मानाचे पहारेकरी म्हणून मिरवणाऱ्या संपादकीय लेखण्या या वेळी मात्र फारशा तापल्या नाहीत.

वास्तविक, उत्तर सरकारी दप्तरातच होते. १९९७ साली रायरंगपूरच्या नगरसेविका, पुढे दोनदा आमदार, ओडिशात मंत्री आणि २०१५ ते २०२१ झारखंडच्या राज्यपाल, असा हा प्रवास. झारखंडमध्ये भाजपाचेच रघुवर दास सरकार असताना छोटा नागपूर आणि संथाल परगणा कूळ कायद्यांत दुरुस्ती करणारी विधेयके मंजूर झाली. वनवासींच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर त्यामुळे सुकर होणार होता. मुर्मू यांनी २०१७ मध्ये ती सहीविना परत पाठवली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. स्वपक्षाच्या सरकारचे विधेयक परत पाठवणारा शिक्का कोणत्या रबराचा असतो, हे संबंधित विद्वानांनीच सांगावे.

शिक्क्याचा खरा इतिहास वेगळ्याच घराण्याच्या दारात आहे. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली, तीही मंत्रिमंडळाच्या संमतीची वाट न पाहता. न्हाणीच्या टबातून अध्यादेशावर सही करणारे राष्ट्रपती अबू अब्राहम यांनी व्यंगचित्रात रेखाटले, ते उगीच नव्हे.

२००७ साली प्रतिभाताई पाटील उमेदवार होत्या. त्यांच्याशी निगडित सहकारी बँकेच्या बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या, हे मान्यच केले पाहिजे. सारीच पत्रसृष्टी झोपली नव्हती. मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेनेही आघाडीधर्म बाजूला ठेवून त्यांना मते दिली. परंतु त्या वेळी ‘पहिली महिला’ हे कौतुकाचे बिरुद होते. ‘पहिली वनवासी’ म्हणताच तेच बिरुद संशयास्पद का ठरावे?

२१ जुलै २०२२ रोजी मतमोजणी झाली. मुर्मू यांना ६,७६,८०३ मतमूल्य मिळाले, सिन्हा यांना ३,८०,१७७. विरोधी पक्षांतील अनेक लोकप्रतिनिधींनीही त्यांच्याच नावापुढे पसंती नोंदवली होती. ‘रबरी शिक्का’ त्यांच्यापैकी अनेकांना पटला नव्हता.