एकच माप, दोन बाटल्या



यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वस्तीच्या बचत गटाने पावसाळ्याच्या तोंडावर कोरफडीचे दोन प्रकार करून पाहिले. एक नुसते जेल, दुसरा त्याच जेलमध्ये मुलतानी माती कालवलेला लेप. दोन्हींत सोडियम बेंझोएट हे माल टिकविणारे रसायन सारख्याच मापाने घातले होते. जेल टिकले. लेपावर मात्र तीन आठवड्यांत बुरशी आली आणि सगळ्या बाटल्या उकिरड्यावर गेल्या. पैसे बुडाले ते महिन्याच्या महिन्याला जमविलेले. दुकानदाराने भेसळ दिली, अशी बोलवा उठली. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. पण भेसळ होती तर जेल कसे टिकले, हे कोणी विचारीना!

दोष सोबतीचा होता. बेंझोएट आंबट मिश्रणातच काम करते, कारण त्याचे बेंझोइक आम्ल झाले तरच ते जंतूच्या अंगात शिरते. सामू 4.2 असताना शंभरातले 50 भाग अशा कामाच्या रूपात असतात, 5.2 ला 9 आणि 6.2 ला जेमतेम 1. कोरफडीचा गर मुळात आंबटसर. मुलतानी माती बहुधा खारट गुणाची, म्हणजे अल्कधर्मी; ती हा आंबटपणा मारते. शिवाय मातीत जंतू झोपलेले असतात, ते ओल मिळताच जागे होतात. बुरशी निदान दिसते तरी. न दिसणारे जंतू डोळ्यात किंवा फुटलेल्या पुटकुळीत गेले म्हणजे दुखणे वाढते.

रसायन बदलू म्हणाल, तर पॅराबेनची तऱ्हा निराळी. तेही मातीच्या कणांना चिकटून बसते. क्रीममध्ये तेल-पाणी एकजीव करायला पॉलिसॉर्बेट घालतात, ते पॅराबेनला आपल्याकडे ओढून घेते. जंतू वाढतात पाण्यात आणि औषध अडकते भलतीकडेच! ग्लिसरीन भरपूर असले तर उलट मदत होते, जंतूंना मोकळे पाणी मिळत नाही. खोबरेल तेलात पाणीच नाही, म्हणून त्याला असले काही लागत नाही. ओला हात तेवढा बुडवू नये.

आता गट लेपाची कोरडी पूडच भरतो. वापरणारीने लागेल तेवढी ताज्या पाण्यात कालवावी. जेलच्या प्रत्येक घाण्याचा सामू पट्टीने पाहून वहीत लिहिला जातो. विक्रीसाठी माल बनवायचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे परवाना लागतो. तो अर्ज अजून भरायचा आहे. तोवर बाटल्या घरच्या घरी.