जवळची खूण

आमच्या बँकेच्या फॉर्मवर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख असे सगळे रकाने संपले की शेवटी एक चिमुकला रकाना येतो : 'जवळची खूण'. गेली वीस वर्षे मी लोकांकडून हा रकाना भरून घेतो आहे आणि माझे ठाम मत झाले आहे, की मराठवाड्याचा खरा इतिहास कुठे असेल तर तो ह्या रकान्यात आहे. इतिहास अशासाठी म्हणतो, की तिथे लिहिलेली खूण सहसा जागेवर नसते.

मागच्याच महिन्यात नांदेडच्या आमच्या शाखेत एक आजीबाई आल्या.

"आजी, घराजवळची खूण कोणती लिहू?"

"मिलचा भोंगा."

"अहो, भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली!"

"मग काय झालं? आमचे हे जाऊन बी धा वर्षं झाली. त्यांचं नाव लिहिलंच की तुम्ही फॉर्मवर!"

मी मुकाट्याने 'मिलचा भोंगा' असे लिहिले. कॉम्प्युटरनेही हरकत घेतली नाही.

ही मिल म्हणजे उस्मानशाही मिल. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या, नावाची. पुढे निजामी गेली आणि १९७४ मध्ये सरकारने देशभरातल्या आजारी कापड गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत हीही आली. नांदेड ही माझी सासुरवाडी. सासऱ्यांच्या मनगटावर उत्तम घड्याळ असे. पण ते भोंगा झाल्यावर घड्याळाकडे बघत आणि घड्याळ बरोबर आहे म्हणून त्याचे कौतुक करीत. मिल बंद पडली, भोंगा गेला, आणि तेव्हापासून नांदेड शहरात कोणीही कुठेही वेळेवर पोचलेले नाही, असे सासरे शेवटपर्यंत म्हणत. लग्नाला मी स्वतः दीड तास उशिरा पोचल्यामुळे मला कधी वाद घालता आला नाही.

आता कोणी म्हणेल, हे नेहमीचेच रडगाणे. चाळिशी उलटली की प्रत्येकाला आपले गाव पूर्वी चांगले होते असे वाटू लागते. आमच्या शाखेतले कॅशियर तर तोंडावरच म्हणतात, "तुम्हाला काय परत बैलगाडीत बसायचंय का?" नाही हो! मला बैलगाडीत बसायचे नाही. मला छोट्या गाडीतही बसायचे नाही, आणि मी लातूरचा असून हे म्हणतो आहे.

छोटी गाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि पुढे दुसऱ्या टोकाला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली, पण चालवली मात्र पांडुरंगाने, असे आमची आजी मानायची. गाडीला उशीर झाला म्हणून कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "इठोबा अठ्ठावीस युगं उभा हाय, अजून दोन घंटे थांबंल की!" एवढ्या भक्कम उत्तरापुढे स्टेशनमास्तरलाही बरे वाटे.

ती गाडी जायलाच हवी होती. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, वळसा घेऊन धाराशिववरून गेला, लातूरचे स्टेशन गावाबाहेर गेले. चांगलेच झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास-पन्नास वाघिणी येऊ लागल्या. अडीच फुटी रुळांवरून हे पाणी आले असते तर आजीचा विठोबासुद्धा तहानेने खाली बसला असता. तेव्हा रूळ उखडले ह्याचे मला दुःख नाही. नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्यासाठी रस्ते रुंद झाले, ह्याचेही नाही. त्या रस्त्यांवरून मी रोज स्कूटरने बँकेत येतो आणि पाडणाऱ्यांना मनातल्या मनात दुवा देतो.

माझे भांडण वेगळे आहे. वस्तू न्या, पण ती इथे होती एवढे सांगायला काहीतरी ठेवाल की नाही?

लातूरला आजही लोक पत्ता सांगतात, 'जुनी रेल्वे लाईन'. तिथे लाईन नाही. रस्ता आहे, दुकाने आहेत. नांदेडला जुना मोंढा आहे, त्यातला मोंढा नव्या मोंढ्यात गेला, आणि नवा मोंढाही आता काही नवा राहिलेला नाही. माहीतगाराला हे सगळे पाठ असते. पण माहीतगार एकेक करून निघून चालले आहेत, आणि नव्या पोरांनी काय करावे?

दोन वर्षांपूर्वी आई लातूरला मावशीकडे निघाली. मावशीचे घर जुन्या स्टेशनापाशी. आईने ऑटोवाल्याला सांगितले, "ठेसनावर ने." पोरगा विशीतला. त्याने प्रामाणिकपणे नव्या स्टेशनावर नेऊन सोडले, वाजवी पैसे घेतले आणि गेला. आई उतरली. समोरचे काहीच ओळखीचे नाही. ह्या गावात ती पन्नास वर्षे राहिली आहे, ह्या गावाच्या गल्लीबोळांतून तिने मला कानाला धरून घरी आणले आहे. त्या दिवशी ती बाकावर दोन तास बसून राहिली. कोणीतरी विचारले, "आजी, कुठं चाललाव?" तर तिला सांगता येईना. मी नांदेडहून फोन केला तेव्हा म्हणाली, "मी हरवले रे." चूक ना आईची, ना ऑटोवाल्याची. दोघांचे लातूर वेगवेगळे होते, आणि दोन्हींच्या मध्ये साधी पाटीसुद्धा नव्हती.

आमच्या जिल्ह्याला खुणा पुसल्या जाणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातली गावेच्या गावे पडली, आणि पुढे दुसऱ्या जागी नवी बांधावी लागली. पण भूकंपाला जाब विचारता येत नाही. माणसाने ठराव करून केलेल्या पाडापाडीला तरी तो विचारता यावा!

टिकते काय, हेही बघा. गंजगोलाई १९१७ सालची, सोळा रस्ते फुटणारी. लहानपणी वडिलांबरोबर कापड लाईनीत शिरलो आणि बाहेर पडलो तो भुसार लाईनीत. वडील म्हणाले, "काही नाही, देवळाकडं चल, तिथून पुन्हा मोजू." गोलाईच्या मधोमध अंबाबाईचे देऊळ आहे. माझा दाट संशय आहे, की देवी बसली आहे म्हणून गोलाई शाबूत आहे. आपल्याकडे ज्या वास्तूत देव नाही तिला वाली नाही. भोंग्याला कोणी नारळ फोडला नाही आणि स्टेशनाला कोणी शेंदूर लावला नाही, इथेच त्यांचे चुकले.

आणि आता शेवटचा आरोपी. शेवटची छोटी गाडी लातूरहून सुटली तेव्हा मी लातुरातच होतो. जायचे मनात होते. पण सौभाग्यवतींनी दळण दिले होते, गिरणीत नंबर लागला होता, आणि नंबर सोडून स्टेशनावर जाणारा नवरा अजून जन्मायचा आहे. तीच आमच्या सगळ्या मध्यमवर्गाची कथा. पाडताना आपण दळणाच्या रांगेत असतो आणि पाडल्यावर लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाताखाता हळहळतो.

म्हणून यंदा मी पंगतीत न हळहळता रीतसर अर्ज केला. मागणे मोठे नव्हते. जुन्या लाईनीच्या रस्त्याकडेला अडीच फुटांच्या अंतराने रुळाचे दोन तुकडे पुरावेत आणि वर एक पाटी लावावी : 'इथे स्टेशन होते. नवे स्टेशन त्या बाजूला.' खर्च वाटल्यास मी देतो, असेही लिहिले. मात्र हे सौभाग्यवतींना सांगितलेले नाही.

तीन महिन्यांनी त्या कार्यालयाचे उत्तर आले. अर्ज विचाराधीन आहे. तथापि जागेचा बोध होत नाही, तरी अर्जदाराने जवळची खूण कळवावी.