शेजारी विकत मिळत नाही

अमेरिका म्हटलं की मोठी घरं, रुंद रस्ते आणि दारात दोन-दोन गाड्या डोळ्यांपुढे येतात. पण याच देशाचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकटेपणाबद्दल जाहीर इशारा दिला. माणसांचा सहवास नसणं हे रोज पंधरा सिगारेटी ओढण्याइतकं घातक ठरू शकतं, असं त्यात म्हटलं होतं. इतक्या संपन्न देशावर ही वेळ का यावी?

विद्यार्थी मित्रांनो, हा देश पहिल्यापासून असा नव्हता. १८३१ मध्ये अमेरिका पाहायला गेलेला फ्रेंच विचारवंत तोकव्हिल चकित झाला होता तो एका गोष्टीने : इथली माणसं लहानमोठ्या प्रत्येक कामासाठी एकत्र येऊन मंडळ काढतात!

मग बिघडलं कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ पासून काही वर्षांत सतरा हजारांहून जास्त घरं बांधली गेली. प्रत्येकाला स्वतःचं घर, अंगण, गाडी, पुढे टीव्ही. १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल हा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांना तिथे लोकांनी भेटावं, गप्पा माराव्यात असा चौक हवा होता. भोवती घरं, शाळा, बागही हवी होती. प्रत्यक्षात वाढली ती दुकानं आणि पार्किंग. पुढे ग्रुएन यांनीच मॉलशी असलेलं आपलं नातं झिडकारलं.

रॉबर्ट पुटनम या अभ्यासकाने बोलिंग या खेळाचं उदाहरण दिलं आहे. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, पण संघ करून लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. खेळ टिकला, सोबत गेली.

माझ्या मते याचं मूळ साधं आहे. शेजारधर्म टिकतो तो गरजेवर. शिडी मागायची असते, मूल तासभर कुणाकडे ठेवायचं असतं, आजारपणात डबा हवा असतो. ही प्रत्येक गरज पैसे टाकून भागू लागली, की शेजाऱ्याचं दार वाजवायला कारणच उरत नाही. वस्तू वाईट नसतात हो. पण त्या माणसाची जागा घेतात तेव्हा हिशेब चुकतो.

जुनं ते सगळं सोनं होतं, असंही नाही. लेव्हिटाउनमध्ये सुरुवातीला कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. तेव्हा समाज हवा, पण दार सर्वांना उघडं असलेला हवा. अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं आजही तशी आहेत. तिथे एक पैसाही खर्च न करता दिवसभर बसता येतं. तिथे गेलेल्या मराठी माणसांनीही गावोगावी महाराष्ट्र मंडळं काढली, ती याच भुकेपोटी.

आपल्याकडेही मॉल आले, घरपोच सामान आलं. येऊ द्या. फक्त पुढची वस्तू मागवण्याआधी स्वतःला एकदा विचारा : ही शेजारी मागता आली असती का? मागायला लाज वाटत असेल, तर ओळख करून घ्यायला आजचा दिवस चांगला आहे.