दार नसलेला नरक

सणासुदीच्या अंकात नरकाचा विषय काढला म्हणून वडीलधारी मंडळी मला बोल लावतील. पण नरकचतुर्दशीला आपणही यमतर्पण करतोच की! आमच्या पुराणांनी तापलेल्या कढयांत कसर ठेवली नाही हे खरे; मात्र भोग संपला की जीवाला बाहेर काढले. माझे भांडण आहे ते ज्याला बाहेर पडण्याचे दारच नाही अशा नरकाशी. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने तो शतकानुशतके मानला आहे.

हे भांडण काही मी नव्याने उकरलेले नाही. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षे’ला नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५ मध्ये संस्कृतात उत्तर लिहिले, तेव्हा दयाळू ईश्वर आणि अनंत नरक यांचा मेळ कसा घालायचा हा त्यांचा एक आक्षेप होता. तेच शास्त्रीबुवा १८४८ साली ख्रिस्ती झाले. तेव्हा हा आक्षेप केवळ धर्मद्वेषातून निघतो असे म्हणण्याची सोय नाही. दुसरे फ्रेडरिक फरार. जन्म मुंबईचा, १८३१ चा, आणि तोही मिशनऱ्याच्या घरी. या गृहस्थांनी १८७७ साली खुद्द वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या प्रवचनांत अंतहीन यातनांच्या शिकवणुकीवर हल्ला चढवला. प्यूसींसारख्या पंडिताला त्यांच्या उत्तरादाखल १८८० मध्ये पुस्तक लिहावे लागले. फरारांचे गुरू मॉरिस यांची तर त्याआधी १८५३ मध्येच याच प्रश्नावरून किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी गेली होती.

सनातनी पक्षाचे म्हणणे काय? ईश्वर अनंत थोर, म्हणून त्याचा अपराधही अनंत, आणि शिक्षाही तशीच. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा युक्तिवाद मांडला. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण ज्याचा अपराध केला त्याच्या पायरीवरून दंड ठरवायचा, हा न्याय आपल्याला अपरिचित आहे का? मनुस्मृतीत तो पानोपानी आहे, आणि म्हणूनच आपण तो टाकून दिला. माणसांच्या कोर्टात जो अन्याय ठरला, तो देवाच्या कोर्टात न्याय कसा होतो?

अलीकडचे लोक सौम्य बोलतात. देव कोणाला नरकात ढकलत नाही, माणूसच तो निवडतो, असे ते सांगतात. ठीक. पण आडाकडे धावणाऱ्या पोराला ‘तुझी मर्जी’ म्हणून सोडून देणाऱ्या आईला आपण काय म्हणू? आणि धाक नसेल तर नीती बुडेल म्हणावे, तर अनंत नरकावर गाढ श्रद्धा असणाऱ्यांनीच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आणले. ते कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. त्या धाकाने कोणाचा हात आवरला?

मी निवाड्याच्या विरुद्ध मात्र नाही. ज्याला आयुष्यभर नाडले गेले, त्याची दाद कुठेतरी लागावी असे मलाही वाटते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न दिले की नाही, तुरुंगातल्याची भेट घेतली की नाही, एवढ्यावरच निवाडा होतो. त्याला मी हात जोडतो. अडचण अशी की सार्वकालिक शिक्षेचे शब्दही तिथेच येतात. जीवन अनंत, तर शिक्षाही अनंत, हे ऑगस्टिनचे उत्तर. मूळ ग्रीक शब्द युगाच्या अवधीचा आहे, ‘अंतहीन’ असा नव्हे, हे फरारांचे. व्याकरणाची ही कुस्ती पंडितांनी खुशाल खेळावी.

मला दुसरेच दिसते. बाप्तिस्म्यापूर्वी मेलेल्या तान्ह्या बाळांना स्वर्ग नाही, असे पश्चिमेच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. त्यांच्यासाठी ‘लिंबो’ नावाची वेगळी कड कल्पिली, आणि पोटचे गेलेल्या आयांनी तेही सोसले. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने म्हटले, या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत. लिंबो ही कधी अधिकृत श्रद्धा नव्हतीच, असा खुलासाही केला. उत्तम झाले. मग बाळांसाठी जी दया सुचली, ती त्यांच्या चुकलेल्या बापांसाठी कुठल्या वयाला संपते, एवढे त्या विद्वानांनी मला सांगावे.